गड्डा संपला की आमचं गॅदरिंग

गड्डा यात्रा संपून होम मैदानावरचे पाळणे उतरायला लागले की आमच्या अपंग मुलांच्या शाळेत गॅदरिंगची गडबड सुरू होते, कारण त्याआधी सोलापुरात मंडपवाले, साउंडवाले कुणी हाताला लागतच नाहीत. मी इथलाच विद्यार्थी, पोलिओवाला, आता इथंच शिवणकाम शिकवतो, त्यामुळे मला हे घरचं कार्यच वाटतं.

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अहवाल, शाल-श्रीफळ, ते होतं दरवर्षीसारखं. मी वाट बघतो माजी विद्यार्थ्यांच्या मनोगताची. एक मुलगी होती, दोन्ही पायांत कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट), पायाचं मशीन जमेना म्हणून आधी हातमशीनवर बसवली, मग मोटर लावली आणि तिचं पायडल टेबलावर कोपराखाली बसवलं, कोपराने दाबायचं आणि दोन्ही हात कापडावर. आधी चिंधीवर सरळ टीप, मग काजं-बटण, मग कॉलर, आणि कॉलरीचं टोक यायला तिला चार महिने लागले, कितीदा उसवलं याला हिशोब नाही. आता एका युनिफॉर्मच्या कारखान्यात पीसवर काम करते. ती माईकवर आली आणि एवढंच बोलली, "पहिल्या पगारात आईला इरकल घेतली. दुकानदार म्हणला पैसे कोण देणार, मी म्हणलं मीच." आणि खाली उतरली. मी कडेला उभा होतो, मला टाळ्यासुद्धा वाजवता आल्या नाहीत.

ती उतरली ती स्वतःच्या कुबड्यांवर, रॅम्पवरून, हे मुद्दाम सांगतो. चौथीत मला बक्षीस मिळालं तेव्हा स्टेजला नुसत्या पायऱ्या होत्या, एका सरांनी मला उचलून वर नेलं, सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला फक्त माझे लोंबणारे पाय दिसत होते. पुढं वेल्डिंगच्या पोरांनी लोखंडी रॅम्प केला, एक फूट उंचीला बारा फूट उतार हे माप, आपलं स्टेज अडीच फूट म्हणजे तीस फूट रॅम्प झाला, खुर्च्यांच्या दोन रांगा गेल्या म्हणून मंडपवाले काका पहिल्या वर्षी कुरकुरले, आता तेच आधी रॅम्पची जागा आखतात मग खांब रोवतात.

माझ्या बॅचला निम्मी पोरं पोलिओची होती. देशात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा पेशंट १३ जानेवारी २०११ चा, मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं, आणि गॅदरिंगच्या ग्रुप फोटोतसुद्धा ते दिसतं. आता सेरेब्रल पाल्सीची (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेली), मस्क्युलर डिस्ट्रॉफीची (स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारी) पोरं जास्त. आमचे हात तरी धड होते, यांच्या हातालाच पकड नाही, मग कापड धरायला लाकडी पट्टी कर, कात्री बदल, कुणाला शिवण सोडून कम्प्युटरवर बसव, असं चालू असतं. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले, सरकारी नोकरीतलं आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ वर गेलं, हे पाहुणे दरवर्षी सांगतात आणि चांगलंच आहे, पण कोपराखालच्या पायडलबद्दल कुणी पाहुण्याने विचारावं असं मला फार वाटतं.

आणि एक सल आहे. बार्शीहून, मंगळवेढ्याहून, अक्कलकोटहून पोरं एसटीने येतात, एकजण तर तीनचाकीवर पार मोहोळहून आला होता, आणि इथल्याच जुळे सोलापूर भागातली, दहा मिनिटांवरची, नोकरीला लागलेली मंडळी ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकतात. अरे या ना. नव्या पोरांना तुम्हालाच बघायचं असतं, पाहुण्यांना नाही.

आभार नेहमी घाईत होतात म्हणून इथं लिहितो. पहाटे चारला कडक भाकरी आणि शेंगा चटणीचे डबे भरणाऱ्या मावशी आणि त्यांच्या दोघी सुना, फुकट ने-आण करणारे रिक्षावाले मामा, कॅलिपरचे तुटलेले पट्टे तिथंच बसून शिवून देणारे चर्मकार दादा, टॉवेल कारखान्यातून दरवर्षी बक्षिसाचे टॉवेल पाठवणारे शेठजी, नाचाच्या पोरांच्या व्हीलचेअरला रात्री हवा भरणारा शिपाई, साउंडवाल्याचा धाकटा भाऊ जो माईक खाली करून बसलेल्याच्या तोंडापाशी धरतो. शेजारच्या शाळेनं सतरंज्या दिल्या. आणि टँकरवाले काका, पाणी रोज येत नाही आपल्याकडं, ते नसते तर चारशे माणसांना प्यायला काय दिलं असतं. मागच्या वेळी त्यांचं नाव आभारात राहून गेलं होतं.