मिरीनं सिरिंज सोडली

मिरी, सिरिंजनं भरवून वाढवलेलं आमचं छोट्या पोपटाचं पिल्लू, आता स्वतःच्या चोचीनं खाते. पोटभर खाते, आणि सकाळी वजनकाट्यावर उभी राहिली की आकडा जागचा हलत नाही. फोन करून करून चौकशी करणाऱ्या सगळ्यांसाठी हे आधी सांगून टाकते. पण त्यातल्या दोघीतिघींनी पुढे विचारलं, "आम्हालाही असंच छोटं पिल्लू आणून हातानं भरवायचंय, कसं करायचं ते सांगा ना." त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. वाचून तुम्ही पिल्लाऐवजी स्वतःचं स्वतः खाणारा पक्षी घरी आणलात, तर मला मनापासून आनंद होईल.

मिरी कॉकाटील आहे. राखाडी अंग, डोक्यावर तुरा, गालावर केशरी ठिपका. हा मूळचा ऑस्ट्रेलियातला छोटा पोपट. कळव्याला माझ्या भाच्याकडे त्यांच्या जोड्या आहेत. कॉकाटीलची मादी एक दिवसाआड अंडं घालते, त्यामुळे पिल्लंही मागंपुढं फुटतात आणि शेंडेफळ भावंडांपेक्षा बरंच लहान राहतं. मिरी ते शेंडेफळ. त्यात तिची आई पुन्हा अंडी घालायच्या तयारीला लागली होती. अशा वेळी काही माद्या घरट्याच्या पेटीतल्या पिल्लांना हुसकावतात, त्यांची कोवळी पिसं उपटतात. बाप भरवत होता, पण त्याचा घास मोठ्या पिल्लांपर्यंतच पोचत होता. भाच्यानं सकाळी बघितलं तर मिरीची गळ्याखालची पिशवी रिकामी आणि पाठ उघडी. पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला बाहेर काढा. भाचा कामावर जाणारा माणूस. मी निवृत्त, ठाण्यात नौपाड्याला राहते, घरात आम्ही दोघंच. म्हणून मिरी आमच्याकडे आली, तीन आठवड्यांची, ६१ ग्रॅमची.

नोकरीची बहुतेक वर्षं मी नवजात बाळांच्या वॉर्डात काढली. तिथं दोन गोष्टी हाडीमाशी मुरतात. एक, पुढचं दूध देण्याआधी मागचं जिरलंय का ते बघायचं. दोन, घास फुप्फुसात जाऊ द्यायचा नाही. मिरीच्या बाबतीत याच दोन गोष्टींवर सगळं होतं. तरीसुद्धा पहिलं भरवणं मी डॉक्टरीणबाईंसमोर, त्यांच्या देखरेखीखाली केलं. वाचून किंवा व्हिडिओ बघून हे शिकता येत नाही असं माझं ठाम मत आहे.

पोपटाच्या गळ्याखाली, छातीच्या वर, अन्न साठवणारी पिशवी असते. पक्षी पाळणारे तिला क्रॉप म्हणतात. भरवल्यावर ती फुगते आणि अन्न पुढं सरकेल तशी हळूहळू बसते. अन्ननलिका पिल्लाच्या मानेच्या उजव्या बाजूला असते, म्हणून सिरिंज त्याच्या डाव्या बाजूनं चोचीत घालून टोक उजवीकडे वळवायचं. पिल्लू भुकेलं असलं की मान वरखाली हलवत घास ओढून घेतं. ती हालचाल चालू असेल तोवरच दट्ट्या दाबायचा. ती थांबली की आपणही थांबायचं. न हलणाऱ्या पिल्लाच्या तोंडात ढकललेलं अन्न श्वासनलिकेत जातं, आणि एवढ्याशा जिवाला त्यातून वाचवणं फार अवघड असतं.

अन्न म्हणजे पिल्लांसाठी मिळणारी तयार पूड, उकळून कोमट केलेल्या पाण्यात कालवलेली. पातळ पिठल्याइतकी सैल. लहान बाळांचं डबाबंद खाणं देतात बरेच जण, पण त्यात दुधाची भुकटी असते आणि पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. तापमान ३९ ते ४१ अंश सेल्सिअस. हे बोटानं जोखायचं नाही, थर्मामीटर लागतो. पोपटाच्या अंगाची ऊबच ४० अंशांच्या आसपास असते, त्यामुळे थंड घास पिशवीत तसाच पडून राहतो, आंबतो, बुरशी धरतो. जास्त गरम गेला तर पिशवी आतून भाजते, आणि ते कधीकधी काही दिवसांनी, कातडीला भोक पडल्यावरच कळतं. मायक्रोवेव्हमध्ये तर गरम करूच नका. वरचं कोमट लागतं आणि मधला एखादा गोळा चटका देणारा असतो. एका वेळी वजनाच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणजे मिरीला सहा मिलिलिटर. उरलेलं फेकून द्यायचं. ठेवून पुन्हा द्यायचं नाही, विशेषतः आपल्या पावसाळ्यात.

सुरुवातीला दिवसातून चार वेळा भरवणं होतं. पहाटेचं पहिलं, रात्री झोपण्याआधीचं शेवटचं. रात्रीच्या लांब खंडात पिशवी पूर्ण रिकामी व्हायलाच हवी. पहाटे मी आधी बोटानं पिशवी चाचपायची, मग काट्यावर वजन, ते वहीत, आणि मग पाणी उकळायला ठेवायची. काटा एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. स्वयंपाकघरातला छोटा चालतो.

मिरीची पेटी म्हणजे प्लास्टिकचा खोल डबा, तळाला कागदी रुमाल, बाजूला जाळीआड बल्ब आणि आत थर्मामीटर. अंगभर पिसं येईपर्यंत तीस अंशांच्या आसपास ऊब ठेवली, मग हळूहळू कमी केली. जुलैत एका संध्याकाळी वीज गेली ती रात्री उशिरापर्यंत आली नाही. गरम पाण्याची रबरी पिशवी पंच्यात गुंडाळून डब्याच्या एका बाजूला ठेवली. एकाच बाजूला, म्हणजे फार उकडलं तर तिला सरकायला जागा राहते. ह्यांनी मेणबत्ती पेटवायला काढली होती, ती मी लावू दिली नाही. पक्ष्यांची फुप्फुसं धुराला फार नाजूक असतात. उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, फवारे, सगळं त्या महिन्यांत बंद होतं. नॉनस्टिकचा तवा तर भाच्याच्या सांगण्यावरून मी घरातूनच काढला. तो जास्त तापला की त्याच्या लेपातून निघणाऱ्या वाफेनं पक्षी बघता बघता मरतो.

मध्येच एक सांगायला हवं, कारण इमारतीतल्या प्रत्येकानं विचारलं: "मग हिरवा राघू का नाही आणलात?" आपला गळ्यात पट्टा असलेला राघू आणि येऊरच्या जंगलात दिसणारा खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पोपट हे वन्यजीव आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांना पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी चोरून विकली जाणारी हिरवी पिल्लं झाडाच्या ढोलीतून काढलेली असतात. ती घेऊ नका, आणि दया येऊन "सोडवून" आणायला म्हणूनही पैसे देऊ नका. दिलेल्या पैशानं पुढची ढोली रिकामी होते. झाडाखाली पडलेलं पिल्लू सापडलं तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. परदेशी पोपटांपैकी बऱ्याच जातींची २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. कॉकाटील त्या यादीत येत नाही, पण कोन्यूर किंवा मकाव आणणाऱ्यांनी आधी कागदपत्रं बघावीत.

आता मुख्य गोष्ट. भरवणं कष्टाचं असलं तरी त्याला नियम आहेत. सुटं करणं, म्हणजे सिरिंज सोडवणं, हे मात्र पिल्लाच्या कलानं चालतं, आणि बहुतेक घरांत गडबड इथंच होते. विकणाऱ्यांचा ठरलेला सल्ला असतो: एक वेळ बंद करा, उपाशी राहिलं की आपोआप दाणे टिपेल. एवढं चुकीचं दुसरं काही नाही. भुकेलं पिल्लू शोधाशोध करत नाही. ते एका जागी बसून मान हलवत ओरडत राहतं आणि वजन घालवतं. पोट भरलेलं पिल्लू खेळतं. चोच लावतं, उचलतं, टाकतं, पुन्हा उचलतं, आणि या खेळातूनच खाणं शिकतं. म्हणून सिरिंज चालू ठेवायची आणि तिच्या बरोबरीनं खाणं नुसतं पसरून ठेवायचं. भरपूर, जिकडे तिकडे.

मी जमिनीवर जुनी पांढरी चादर अंथरली. जांभळी नाक्यावरून राळे आणि बाजरी आणली. राळ्याची अख्खी कणसं भाच्यानं दिली, आणि त्यातच मिरीचं सगळं मन रमलं. उकडलेला मका, किसलेलं गाजर, मऊ भात, मोड आलेले मूग, कोथिंबिरीच्या काड्या. ओलं खाणं दोन तासांत उचलायचं. मोड आलेलं कडधान्य पावसाळ्यात फार लवकर वास मारायला लागतं, म्हणून मी ते वाफवून घ्यायची. उथळ ताटलीत पाणी. अ‍ॅवोकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी आणि मिठाचं काहीही नाही.

सुरुवातीला चादरभर टरफलं दिसली की ह्यांना वाटायचं, खाल्लं! मी टरफलं उलटून दाखवायची. खाली सोललेला दाणा तसाच पडलेला असायचा. तिला सोलायला जमलं होतं, गिळायचं सुचत नव्हतं. खरी खूण दुसरीकडे असते. सिरिंज न देता पिशवीवरून बोट फिरवलं की आत दाणे खरखरीत लागतात, आणि विष्ठा पातळ पिवळटपणा सोडून घट्ट, हिरवट होते. ज्या दुपारी पिशवीत मला दाणे लागले, त्या दुपारी मी भाच्याला कामाच्या वेळेत फोन केला.

त्याच सुमाराला तिचं वजन घसरलं. पिल्लू उडायला लागायच्या आधी स्वतःहून कमी खातं आणि अंग हलकं करतं. आईबापांकडेही असंच होतं. माझ्या वहीत तिचा सगळ्यात मोठा आकडा ९२ होता, तो ८५ वर आला. दहावा हिस्सा घटला की डॉक्टरांना दाखवायचं, हे ठरलेलं होतं. तिथवर गेलं नाही. पिल्लू चपळ आहे, विष्ठा बरी आहे, खेळतंय, मग सिरिंज नाकारली तर जबरदस्ती करायची नाही. इथं धीर धरणं मला सगळ्यात जड गेलं, कारण वॉर्डात वजन उतरणं कधीच चांगलं लक्षण नसायचं.

आणि मग ती उडाली. चादरीवरून सरळ पडद्याच्या दांडीवर. त्या खोलीतल्या छताच्या पंख्याच्या बटणावर ह्यांनी आधीच चिकटपट्टी लावली होती. आपल्याकडच्या घरांत पोपटाला पंख्याइतका धोका दुसऱ्या कशाचाच नाही. खिडकीच्या काचेवर पडदे ओढलेले, न्हाणीघराचं दार बंद, बादल्या झाकलेल्या. पंख मी कापले नाहीत. उडायला शिकतानाच पिल्लू वळायला, थांबायला, नीट उतरायला शिकतं, आणि उडायला लागलेलं पिल्लू खाण्याकडेही धिटाईनं येतं. मिरीत तो फरक मला आठवड्याभरात दिसला.

दुपारचं भरवणं आधी सुटलं. मी बंद केलं नाही, तीच सिरिंजकडे बघून तोंड फिरवायला लागली. मग रात्री उशिराचं. सकाळी मी आधी ताटली ठेवायची आणि अर्धा तास थांबायची, म्हणजे पहिली भूक दाण्यावर जाते. त्यातून पहाटेचं सुटलं. संध्याकाळचं मात्र कितीतरी दिवस राहिलं. दोन मिलिलिटर, कधी एक, कधी नुसती चोच लावून मागं. तेव्हा तिची भूक नव्हती, सवय आणि सोबत होती, आणि ती द्यायला माझी काहीच हरकत नव्हती. पुस्तकी हिशेब सात ते दहा आठवड्यांचा आहे. मिरीनं त्याच्यापेक्षा जास्त घेतले, आणि शेंडेफळाला, तेही उपाशी राहिलेल्या, तेवढे लागणारच होते.

सिरिंज सुटल्यावर लसीकरणासाठी बहिणीच्या नातवाला घेऊन पाहुणे आले, घरात चार दिवस गोंगाट होता. मिरी पुन्हा मान हलवून मागायला लागली. मी पूड काढून कालवली आणि दिली. सुटलेलं पिल्लू घर बदललं, आजारी पडलं, घाबरलं की असं मागे येतं. अशा वेळी "सवय लागेल" म्हणून नाकारायचं नसतं. पाहुणे गेले आणि तिसऱ्या दिवशी तिनं सिरिंजकडे ढुंकून पाहिलं नाही. म्हणूनच स्वतः खाणारं पिल्लू विकत घेतानाही आधी त्याला समोर खाताना बघा, आणि पहिले काही दिवस रोज वजन करा.

हातानं भरवलं तरच पोपट माणसाळतो, असं सांगून न सुटलेली पिल्लं स्वस्तात विकली जातात. भाच्यानं मिरीच्या भावंडांना आईबापांपाशीच ठेवलं होतं. तो रोज त्यांना थोडा वेळ बाहेर काढून तळव्यावर घ्यायचा आणि परत पेटीत सोडायचा. ती दोन्ही पिल्लं आज मिरीइतक्याच निर्धास्तपणे माझ्या खांद्यावर येऊन बसतात, आणि ती मिरीच्या आधी खायला लागली. त्यांना बापानं भरवलं. ते काम तो माझ्यापेक्षा नक्कीच चांगलं करतो.

सध्या भाच्यानं पेटी काढून ठेवली आहे, मादीला विश्रांती हवी म्हणून. पुढच्या वेळी पिल्लं फुटल्यापासून रोज प्रत्येकाचं वजन घ्यायचं ठरलंय, म्हणजे शेंडेफळ मागं पडतंय हे पिशवी रिकामी व्हायच्या आत कळेल. त्याच्यासाठी दुसरा वजनकाटा मागवला आहे.