मार्चमधली स्लाइड

पावसाळ्यात निपाणीतल्या लॅबला तापाचीच गर्दी असते. सीबीसी, प्लेटलेट, डेंग्यू. जुलैतल्या त्या सोमवारी अकरापर्यंत माझंही तेच चाललं होतं. मग एक मावशी बावीस वर्षांच्या लेकीला घेऊन आल्या. मावशी घरी विड्या वळतात. बाकावर बसल्या तरी त्यांची बोटं काहीतरी वळत असल्यासारखी हलत होती.

"मॅडम, तुमीच सांगितल्याली गंडमाळ. चार म्हयनं गोळ्या खाल्ल्या, गाठ काय बसंना बगा."

'तुमीच' हा शब्द मला लागला, कारण तो खरा होता. मार्चमध्ये तिच्या मानेतल्या गाठीत सुई घालून पेशी मीच काढल्या होत्या आणि रिपोर्टही मीच लिहिला होता: ग्रॅन्युलोमा आढळले, क्षयाची शक्यता. आपल्याकडे मानेच्या गाठीत ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहातून जमलेले पेशींचे पुंजके, म्हटलं की टीबी, आणि बहुतेक वेळा तो असतोही. जंतू दिसले नव्हते, पण गाठीच्या टीबीत ते पुष्कळदा दिसत नाहीत. औषधं सुरू असताना काही जणांची गाठ उलट वाढते. त्यामुळे ती बसत नव्हती तरी कुणाला वावगं वाटलं नाही.

मुलगी काही बोलत नव्हती, नुसती पाय खाजवत होती. मी सलवार जरा वर घ्यायला सांगितली. दोन्ही नडग्यांवर नखांच्या लांबच लांब रेघा, काही सुकलेल्या, काही ताज्या. पुरळ मात्र कुठेच नाही.

"कधीपासून खाजतंय?"

"दिवाळीपासनं. साबण बदलून बगितला."

"आनि रातीला घाम तर असा, की चादर पिळावी लागत्या," मावशी म्हणाल्या.

ताप, घाम, वजन उतरणं हे टीबीतही होतं. पण पुरळ नसताना महिनोन्‌महिने अशी खाज टीबीत सहसा नसते. मार्चमध्ये मी तिला खाजेचं विचारलंच नव्हतं. गाठ किती दिवसांची, ताप येतो का, एवढं विचारून सुई घातली होती.

नवी सुई घालण्याआधी मी जुनी स्लाइड काढली. लाइट गेली होती, मायक्रोस्कोप इन्व्हर्टरवर. ग्रॅन्युलोमा होतेच; चपलेच्या तळव्यासारख्या लांबट केंद्रकांच्या पेशींचे पुंजके. मार्चमध्ये माझी नजर तिथंच थांबली असणार. आता ते सोडून मी मधल्या जागांतून फिरू लागले. लिम्फोसाइट, लिम्फोसाइट, आणि मध्येच नारिंगी दाण्यांच्या इओसिनोफिल; दोन्ही पांढऱ्या पेशीच. एका फील्डमध्ये चार, पुढच्यात सहा. टीबीच्या गाठीत इतक्या इओसिनोफिल कशासाठी येतील?

स्मिअर, म्हणजे काचेवर पेशींचा पातळ थर, ओढताना मोठ्या पेशी कडेला जाऊन साठतात, म्हणून कड धरून गेले. तिथं ती होती. शेजारच्या लिम्फोसाइटच्या चार-पाच पट मोठी, आत समोरासमोर दोन केंद्रकं, आणि प्रत्येकाच्या मधोमध एक ठळक गोल केंद्रिका, भोवती फिकट कडं. घुबड रोखून बघतंय असं वाटावं. रीड-स्टर्नबर्ग पेशी, म्हणजे हॉजकिन लिम्फोमा या गाठींच्या कॅन्सरची खूण. तेल टाकून शंभरच्या लेन्सखाली घेतली. उठून पाणी प्यायले, पुन्हा पाहिली. मग आणखी दोन सापडल्या.

टॉमस हॉजकिननं 1832 मध्ये लंडनमध्ये या आजाराचं वर्णन केलं. 1898 मध्ये स्टर्नबर्गनं या पेशी नेमक्या टिपल्या, पण आजार मात्र टीबीचाच एक प्रकार मानला. हा आजार टीबीहून वेगळा आहे, हे 1902 मध्ये डोरोथी रीड या तरुण डॉक्टरणीनं ठामपणे मांडलं. शिकताना हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. हॉजकिनच्या गाठीतही ग्रॅन्युलोमा असू शकतात, हेही तेव्हाच वाचलेलं.

मावशींना आत बोलावलं. "मावशी, ही पेशी मार्चमध्येही इथंच होती. माझ्या नजरेतून सुटली. चूक माझी आहे."

त्या काही वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. "मग ह्ये काय हाय?"

गाठींचा कॅन्सर असावा, पक्कं सांगायला अख्खी गाठ काढून तपासावी लागेल, आणि असलाच तर तो बरा होणाऱ्यांपैकी आहे, असं मी सांगितलं. 'कॅन्सर' शब्दावर मुलीनं पहिल्यांदा वर पाहिलं. मामा कोल्हापूरला, तिकडे जाणं जवळचं. पण कार्ड कर्नाटकाचं, म्हणून बेळगाव ठरलं. तिथल्या सर्जनना मी त्यांच्यासमोरच फोन लावला. सुधारित रिपोर्ट लिहिला, त्यात जुन्या रिपोर्टची तारीख घातली आणि खाली सही केली.

बायोप्सीत हॉजकिन लिम्फोमाच निघाला, मिक्स्ड सेल्युलॅरिटी प्रकारचा. त्या पेशी ओळखायच्या सीडी-30 आणि सीडी-15 या खुणा दोन्ही पॉझिटिव्ह. टीबीची औषधं थांबली, दर पंधरा दिवसांनी केमो सुरू झाली. प्रत्येक केमोच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे सीबीसीला येते. तिचं स्मिअर मी टेक्निशियनवर सोडत नाही.

तिसऱ्या खेपेला रक्त घेताना खाजेचं विचारलं.

"पैल्या सलाइननंतरच थांबली," ती म्हणाली. डोक्याला ओढणी गुंडाळलेली होती.

मावशी पिशवीत फाइल नीट बसवत होत्या. "आनि चादर कोरडी असत्या ओ आता," त्यांनी मान वर न करताच सांगितलं.