आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ

इंदूरच्या आमच्या घरी माळ्यावर २५ वर्षे पडून असलेला आजोबांचा व्हॉल्व्हचा (म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा) रेडिओ दिवाळीच्या साफसफाईत खाली आला, तेव्हा त्याची वायर थेट प्लगात खुपसायला निघालेल्या काकांना थांबवणे हेच पहिले अवघड काम ठरले. इतक्या काळात जुने इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) शॉर्ट झालेले असू शकतात, म्हणून ६० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये जोडूनच मी वीज दिली, म्हणजे शॉर्ट असलाच तर जादा प्रवाह बल्ब रोखेल. बल्ब क्षणभर उजळून मंदावला, व्हॉल्व्ह तांबूस झाले, पण आवाज घोगरा आणि फाटका येत होता.

ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या नळीच्या) ग्रिडवर, म्हणजे प्रवाह नियंत्रित करणाऱ्या जाळीवर, जवळजवळ शून्य व्होल्टेज असायला हवे. मीटरने ९ दाखवले. म्हणजे आधीच्या टप्प्याचा कागदी कपलिंग कंडेन्सर (आवाजाचा सिग्नल पुढे सोडून स्थिर दाब अडवणारा) गळत होता आणि उच्च दाब पुढे झिरपवून व्हॉल्व्हला नाहक तापवत होता. त्याचे मेण चासीवर (धातूच्या सांगाड्यावर) ओघळून काळे पडले होते. त्या जागी ०.०१ मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर डाख देऊन बसवला. (जुना टाकवला नाही, डबीत ठेवला आहे.)

आता आवाज स्वच्छ आहे, मात्र मीडियम वेव्हवर एलईडी दिव्यांची चरचर येते, त्यामुळे काका रात्री सगळे दिवे मालवून रेडिओ ऐकतात.