गोठ्यात मायक्रोस्कोप कुठं लागतो?

"मॅडम, ते पेशी, ऊती, गर्भ वगैरे शिकलात, त्याचा गोठ्यात कधी उपयोग होतो का हो?"

हे मला दोन प्रकारची माणसं विचारतात. एक, ज्यांचं पोरगं नुकतंच व्हेटर्नरीला लागलंय आणि सुरुवातीची पुस्तकं बघून घरचे हबकलेत. गाईच्या दवाखान्याचं शिकायला पाठवलं आणि हे गुलाबी-जांभळ्या ठिपक्यांची चित्रं काढत बसलंय, अशी त्यांची तक्रार. दुसरे, ज्यांच्या गोठ्यात व्यालेल्या जनावराची वार काढायला मी पोचल्या पोचल्या हात घालत नाही ते. त्यांच्या विचारण्यात जरा राग असतो.

पूर्वी मी "परीक्षेपुरतं होतं ते" म्हणून हसून वेळ मारून न्यायचे. पण तुम्ही विचारलंतच, तर आता नीट सांगते.

मी शिरवळला शिकले. हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे मायक्रोस्कोपखाली ऊती बघण्याच्या, प्रॅक्टिकलला स्लाइड कशी बनते ते आधी करून बघावं लागतं. अवयवाचा लहान तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवायचा, चढत्या अल्कोहोलमधून नेऊन त्यातलं पाणी काढायचं, झायलीननं अल्कोहोल काढायचं आणि वितळलेल्या मेणात मुरवायचा. मेणाची वडी थिजली की मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढायच्या यंत्रावर, कापायची. काप 5 मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरचे 200 काप. चाक फिरवत गेलं की कापाला काप चिकटून फीत निघते. ती कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या आपोआप पसरतात. मग अंड्यातलं पांढरं आणि ग्लिसरीन चोळलेल्या काचेवर ती अलगद उचलायची. जोरात श्वास सोडला तरी फीत उडून नाकाला चिकटते. माझ्या चिकटलेल्या आहेत. रंग दिल्यावर केंद्रक निळं-जांभळं, बाकीचा भाग गुलाबी. म्हणून जर्नलसाठी त्या दोनच पेन्सिली झिजायच्या, डब्यातल्या बाकीच्या नव्याच्या नव्या.

त्या जर्नलमधलं एक चित्र मी दोनदा काढलं होतं, पहिलं सरांनी परत दिलं म्हणून. गाभण गाईच्या वारेचं, म्हणजे पोटातल्या वासराला आईशी जोडणाऱ्या पडद्याचं. गाई-म्हशींत वार गर्भाशयाला सगळीकडून चिकटत नाही. गर्भाशयाच्या आत बटणासारख्या गाठी असतात, गाईला साधारण 75 ते 120, आणि वार फक्त त्या बटणांवर बसते. स्लाइडवर दिसतं ते असं: वासराच्या बाजूची बोटं आईच्या बाजूच्या खळग्यांत शिरलेली, त्या बोटांना पुन्हा बारकी बोटं, त्यांना आणखी बारकी. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट गुंतवून बघा, आणि मग प्रत्येक बोटाला दहा बोटं आहेत असं समजा. पहिल्या चित्रात मी दोन्ही बाजूंमध्ये सरळ रेघ मारून मोकळी झाले होते.

प्रॅक्टिस सुरू करून दुसरंच वर्ष असेल. पन्हाळ्याच्या बाजूचा गाव, जुलैचा पाऊस. पंढरपुरी म्हैस, तलवारीसारखी शिंगं पाठीवर गेलेली, पहाटे व्यालेली. संध्याकाळपर्यंत वार पडली नव्हती. लोंबणाऱ्या वारेला कुणीतरी जुनं पायताण बांधून ठेवलेलं, वजनानं खाली येईल म्हणून. गोठ्यात सात-आठ माणसं. "मॅडम, वढून काढा की, तेवढ्यासाठीच बोलावलंय." एक म्हातारबाबा खांबाला टेकून म्हणाले, "आधीचं डॉक्टर दहा मिनटांत काढायचं."

मला माहीत होतं की ओढायची नाही. तरी खांद्यापर्यंतचा हातमोजा घातला, हात आत घातला आणि बटणं एकेक करून सोलत गेले. अर्धी वार तुकड्यातुकड्यानं आली. सगळे खूश. चहा झाला, पैसेही लगेच मिळाले. चौथ्या दिवशी म्हशीला 104 ताप, घाण वासाचा स्राव, दूध तांब्याभर. औषधांनी जगली, पण पुढं वर्षभर माजावर येऊनही गाभण राहिली नाही. प्रत्येक वेळी उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली. शेवटी त्यांनी ती बाजारात विकली. मला ते एक अक्षर बोलले नाहीत, वाटेत भेटले तरी "या चहाला" म्हणायचे.

इथं कोल्हापुरात 1963 साली गोकुळ दूध संघ उभा राहिला. तेव्हापासून कितीतरी घरांत दहा दिवसांचं दुधाचं बिल म्हणजेच पगार. त्यामुळं म्हैस वर्षभर उलटली म्हणजे काय झालं, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

वार सुटते ती आतून. व्यायच्या सुमाराला आईच्या शरीराला ती परकी वाटू लागते, पांढऱ्या पेशी तिथं जमतात आणि त्या गुंतलेल्या बोटांमधला चिकटा विरघळतो. सगळं ठीक असेल तर 12 तासांच्या आत बोटं आपोआप ढिली होतात. दिवस भरण्याआधी व्याली, गाभडली, कॅल्शियम कमी पडलं, तर हे काम रेंगाळतं. त्या वेळी ओढलं की वासराच्या बाजूची बोटं तुटून आतच राहतात आणि आईच्या बाजूला जखमा होतात. हे सगळं त्या चित्रात होतं, मी दोनदा काढलेल्या.

(गाभडलेल्या जनावराच्या वारेला उघड्या हातानं तर कुणीच शिवू नका. जनावरं गाभडवणारा ब्रुसेल्ला हा रोग माणसालाही होतो.)

वारेवरून आणखी एक भांडण मी रोज करते. "वार पडल्याबिगर चीक काढायचा न्हाई" असं कितीतरी घरांत आजही मानतात. माणसाच्या बाळाला आईची रोगाशी लढणारी प्रथिनं पोटात असतानाच मिळतात, कारण तिथं आईचं रक्त वारेला थेट भिडलेलं असतं. गाई-म्हशींत दोन रक्तांच्या मध्ये पेशींचे थर उभे असतात, त्यातून ती प्रथिनं पलीकडं जात नाहीत. रेडकू जन्मतं ते रिकाम्या हातानं. त्याला जे मिळायचं ते चिकातूनच, आणि त्याचं आतडं ती प्रथिनं अखंड शोषून घेतं ते पहिले काही तासच. दिवसभरात ते दार बंद होतं. 30 किलोच्या रेडकाला पहिल्या दिवसात 3 लिटर चीक जायला हवा, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. वार पडायची वाट बघत चीक थांबवला तर रेडकू पुढं हगवणीनं जातं आणि नाव दृष्ट लागल्याचं होतं. उलट, रेडकू प्यायलं की गर्भाशय आकसायला मदतच होते. खरवस मलाही आवडतो, पण तो दुसऱ्या दिवशीच्या चिकाचा करा.

गर्भाच्या वाढीचं शिकलेलं बहुतेक कॅलेंडरवर वापरते. शेतकरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर भरवल्याची, म्हणजे रेतनाचं इंजेक्शन दिल्याची, तारीख लिहून ठेवतात, आणि गाय उलटली की "इंजेक्शन लागलंच न्हाई" म्हणतात. मी विचारते, कितव्या दिवशी उलटली? सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमाराला गर्भ आईला "मी आहे" असा रासायनिक निरोप देतो. तोवर तो साधा धाग्यासारखा असतो, गर्भाशयाला धड चिकटलेलाही नसतो. निरोप पोचला तर माज थांबतो. त्याआधीच गर्भ मेला तर गाय 21 दिवसांनी येते, जणू काही राहिलंच नव्हतं. पण 35 किंवा 40 दिवसांनी आली तर बहुतेक वेळा ती राहिली होती आणि गर्भ मागाहून गेला, नाहीतर मधला माज कुणाच्या नजरेतून निसटला. रेतन करणाऱ्याला शिव्या घालायच्या आधी एवढं बघायला काय हरकत आहे?

अंड्यातला गर्भही आम्ही बघायचो. 72 तास उबवलेलं अंडं, वरून कात्रीनं खिडकीएवढं कवच कापलेलं, आत लाल जाळं आणि मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी उडतंय. सर म्हणाले, हृदय. आमच्या आजीला यात नवल वाटलं नाही. खुडूक कोंबडीखालची अंडी ती उन्हाकडं धरून बघायची आणि "ह्यात जीव हाय, ह्यात न्हाई" असं वेगळं करायची. तिला जर्नल लिहायला लागलं नाही, एवढाच फरक.

बाकी छोटं-मोठं बरंच आहे. कोल्हापुरात वजडी ज्यानं साफ केलीय त्यानं हिस्टॉलॉजीचा एक धडा हातानंच वाचलाय. टॉवेलसारखा खरखरीत भाग म्हणजे कोटीपोट, जनावराचं सगळ्यात मोठं पोट, मधमाशीच्या पोळ्यासारखा तो जाळीदार पोट. वासराच्या कोटीपोटात हा टॉवेल जन्मतः नसल्यातच जमा असतो. खुराक आत आंबू लागला की तो वाढतो. म्हणून नुसत्या दुधावर वाढवलेलं वासरू गुबगुबीत दिसलं तरी मागं पडतं. आणि जुळ्यांत एक खोंड, एक कालवड असेल तर दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात. अशा दहा कालवडींतल्या नऊ वांझ निघतात. हे मी एका काकूंना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असू दे, नाव ठिवलंय तिचं."

परवा रात्री साडेदहाला फोन आला. म्हैस दुपारी व्यालीय, वार पडलेली नाही.

"रेडकू प्यालं का?"

"प्यालं."

"म्हस वैरण खाते?"

"खाते की. पर वार?"

"लोंबतीय तेवढी राहू दे. काय बांधू नका. सकाळी येऊन ताप बघते."

"आणि वार कवा काढणार?"

"काढणार नाही. ताप बघणार."

पलीकडं थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग फोनपासून तोंड बाजूला करून ते घरात कुणाला तरी म्हणाले, "नुसता ताप बघायला येणार हाय म्हणं."