जांभ्याच्या भिंती आणि टीव्हीची जुनी केबल

आमचे घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. आजोबांनी ते जांभ्याच्या चिऱ्यांत बांधले. बाहेरच्या भिंती दीड फूट जाड आणि मधल्याही जवळजवळ फूटभर. पुढे ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर, वर माडी, आणि मागच्या पडवीला लागून नंतर बांधलेल्या, पर्यटकांना राहायला देण्याच्या दोन खोल्या, अशी घराची लांबण आहे. फायबरची तार ओटीवर येते, त्यामुळे राऊटरही तिथेच आहे. मी मात्र माडीवरच्या मागच्या खोलीत बसून काम करतो. ओटीवर १०० एमबीपीएसची जोडणी पुरेपूर मिळत असताना माडीवर आठ-दहा एमबीपीएस मिळाले तरी दिवस बरा म्हणायचा, आणि पावसाळ्यात चिरा पाणी धरून बसला की तेवढेही मिळत नसे.

आधी वाय-फायचा सिग्नल पुढे पोहोचवणारा एक्स्टेंडर लावून पाहिला. साधा एक्स्टेंडर एकाच रेडिओवरून राऊटरशीही बोलतो आणि आपल्या लॅपटॉपशीही, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय तो ज्या जागी ठेवायचा, तिथपर्यंत मुळात चांगला सिग्नल पोहोचलेला असावा लागतो. माजघरात ठेवला तर त्यालाच कमी मिळे आणि जिन्यात ठेवला तर माडीपर्यंत पोहोचत नसे. लॅनची नवी केबल ओढावी, तर वायरमनने भिंती पाहून स्पष्ट सांगितले की चिऱ्याला भोक पाडणे सोपे आहे, पण ते जिथे निघायला हवे तिथेच निघेल याची खात्री देता येणार नाही. माडीच्या सागवानी तक्तपोशीला हात लावायला आईची परवानगी नव्हती, आणि ते योग्यच होते.

माळ्यावरचे सामान आवरताना या प्रश्नाचे उत्तर सापडले. २००९ साली घराची मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा वडिलांनी प्रत्येक खोलीत टीव्हीसाठी केबल टाकून घेतली होती. सगळ्या केबल पाइपांतून माळ्यावर एकत्र येत आणि तिथून एका स्प्लिटरला, म्हणजे एका तारेचा सिग्नल अनेक तारांत वाटणाऱ्या डबीला, जोडलेल्या होत्या. पुढे ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला धडकले आणि दापोली तालुक्याचेही अतोनात नुकसान झाले. आमच्याकडची केबल टीव्हीची लाइन तेव्हा माडांबरोबर आडवी झाली, ती परत उभी राहिलीच नाही. आम्ही उपग्रहावरून टीव्ही दाखवणारी छत्री बसवून घेतली आणि भिंतींतल्या केबल विसरून गेलो. म्हणजे ज्या वाटेसाठी मी भिंत फोडायला निघालो होतो, ती वाट वडिलांनी आधीच करून ठेवली होती.

टीव्हीच्या कोॲक्सियल केबलमधून (मध्ये एक तार आणि तिच्याभोवती धातूची जाळी असलेल्या केबलमधून) इंटरनेट नेण्याच्या तंत्राला मोका म्हणतात. २००४ साली स्थापन झालेल्या मल्टिमीडिया ओव्हर कोॲक्स अलायन्स या उद्योगसंघाचे हे लघुरूप. केबलच्या दोन टोकांना एकेक अडॅप्टर लावायचा. एकाला राऊटरकडून आलेली लॅनची वायर जोडायची, दुसऱ्यातून लॅनची वायर काढून संगणकाला किंवा तिकडच्या वाय-फायच्या ॲक्सेस पॉइंटला द्यायची. सध्याच्या मोका २.५ या आवृत्तीची क्षमता अडीच गिगाबिटपर्यंत आहे आणि एका जाळ्यात सोळापर्यंत अडॅप्टर चालतात. ही क्षमता सर्वांत मिळून वाटली जाते आणि एका वेळी एकच अडॅप्टर बोलतो; कोणी केव्हा बोलायचे याची पाळी त्यांच्यातलाच एक ठरवून देतो. त्यामुळे माहितीची टक्कर होत नाही, पण प्रत्येक फेरीत तीन-चार मिलिसेकंदांचा उशीर होतो. घरगुती वापरात, व्हिडिओ कॉलमध्येही, तो जाणवत नाही. दापोलीच्या दुकानात अडॅप्टर मिळाले नाहीत, चिपळुणातही नाहीत. शेवटी ऑनलाइन मागवले आणि ते येईपर्यंतचे तीन आठवडे मी केबल तपासण्यात घालवले. आज वाटते, खरे काम त्या तीन आठवड्यांतच झाले.

पहिला प्रश्न होता की कोणती केबल कुठे जाते. माळ्यावर सहा टोके लोंबत होती आणि एकावरही खूण नव्हती. मल्टिमीटर बीपवर, म्हणजे प्रवाहाची वाट सलग असली की वाजेल असा, ठेवून मी माळ्यावर बसलो आणि पुतण्याला खाली खोल्याखोल्यांतून फिरवले. त्याने प्रत्येक खोलीतल्या टोकाला मधली तार आणि बाहेरची जाळी चॉकलेटच्या चांदीने एकमेकांना टेकवायची आणि हाक मारायची, मग मी सहाही टोके तपासायची. जे टोक वाजेल ते त्या खोलीचे. पाच टोके अशी ओळखू आली. सहावे कुठेच वाजेना, म्हणून पाइपातून ओढून पाहिले, तर दोन हातांवर ते उंदरांनी कुरतडून तोडलेले निघाले. तपासण्यापूर्वी केबलचे दुसरे टोक कोणत्याही यंत्राला किंवा छत्रीला जोडलेले नाही, याची खात्री करून घ्यावी, हे इथेच सांगून ठेवतो.

दुसरा प्रश्न केबलच्या जातीचा. वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेले असते, ते बॅटरीच्या उजेडात वाचावे. आमच्या नशिबाने चार केबल आरजी-६ निघाल्या आणि स्वयंपाकघराची एक आरजी-५९. छपाई पुसली असेल तर मधली तार मोजावी: आरजी-६ची साधारण १ मिलिमीटर, आरजी-५९ची ०.८ मिलिमीटर. दोन्ही ७५ ओहमच्याच, पण बारीक केबलमध्ये वरच्या कंप्रतांना (फ्रिक्वेन्सींना) सिग्नलची घट जास्त होते. मोका ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. आरजी-६ मध्ये १००० मेगाहर्ट्झलाच शंभर मीटरमागे वीस-बावीस डेसिबलची (डेसिबल हे सिग्नलची घट मोजण्याचे माप) घट असते आणि त्यापुढे ती वाढत जाते. घरातली लांबी वीस-पंचवीस मीटरपलीकडे सहसा जात नाही, म्हणून केबल धड असेल तर या आकड्याची काळजी करण्याचे कारण नाही.

पण किनाऱ्यावरच्या घरात ती धड आहे की नाही, हे टोक उघडल्याशिवाय कळत नाही. माडीवरच्या खोलीतला जुना, फिरवून बसवायचा एफ कनेक्टर (टीव्हीच्या केबलच्या टोकाचा नेहमीचा जोड) मी पक्कडीने काढला, तेव्हा त्याच्याबरोबर पांढरी भुकटी हातावर पडली. ती ॲल्युमिनियमची जाळी होती. खाऱ्या हवेने तिचे पीठ केले होते. मधल्या तारेच्या टोकावर हिरवट पुटे चढली होती आणि ती नखाने खरवडली तर खाली तांबडा गंज दिसला. टीव्हीच्या केबलची मधली तार बहुधा पोलादाची असते आणि तिच्यावर तांब्याचा पातळ थर असतो. उच्च कंप्रतेचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो, म्हणून एरवी तेवढा थर पुरतो. पण खाऱ्या हवेने थरच खाल्ला, तर त्या प्रवाहाला वाहायला चांगला पृष्ठभागच उरत नाही. बीपवर अशी केबल उत्तम ठरते, कारण बॅटरीचा प्रवाह पोलादातूनही जातो, आणि मोकाच्या कंप्रतेवर तीच केबल हात टेकते. ज्यांना बीप ऐकून समाधान वाटते, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

उपाय सोपा आहे, फक्त घाई करायची नाही. चकचकीत तांबे आणि घट्ट जाळी दिसेपर्यंत केबल इंच-इंच कापत जावे. मला माडीवर तीन इंच कापावी लागली आणि माळ्यावर जवळजवळ वीतभर. मग सोलण्याच्या हत्याराने मधली तार सहा मिलिमीटर मोकळी करावी, तेवढीच जाळी मागे दुमडावी, जाळीचा एकही केस मधल्या तारेला शिवत नाही हे भिंगाखाली पाहावे आणि दाबून बसवायचा कॉम्प्रेशन कनेक्टर लावावा. फिरवून बसवायचे कनेक्टर स्वस्त आणि सोयीचे असतात, पण त्यांच्या फटीतून हवा आत शिरते आणि आपल्याकडची हवा मीठ घेऊनच येते. चार केबलची आठ टोके करायला मला दोन दिवस लागले.

तिसरे काम माळ्यावरच्या स्प्लिटरचे. त्याच्यावर ५ ते १००० मेगाहर्ट्झ असे लिहिलेले होते, म्हणजे मोकाचा सगळा पट्टा त्याच्या मर्यादेबाहेर. शिवाय टीव्हीचा स्प्लिटर वरून आलेला सिग्नल खाली वाटण्यासाठी घडवलेला असतो, आणि एका खोलीच्या टीव्हीचा त्रास दुसऱ्या खोलीला होऊ नये म्हणून त्याची बाहेर जाणारी तोंडे एकमेकांपासून मुद्दाम तोडलेली असतात. मोकाला नेमके उलटे हवे असते. तिथे एका खोलीतल्या अडॅप्टरला दुसऱ्या खोलीतल्या अडॅप्टरशी बोलायचे असते. दोनच अडॅप्टर असतील तर स्प्लिटर काढून दोन केबल एका साध्या जोडनळीने सरळ जोडाव्यात. मी सुरुवातीला ओटी आणि माडी अशी जोडणी तशीच केली. नंतर मागच्या एका खोलीसाठी तिसरा अडॅप्टर घेतला, तेव्हा १६७५ मेगाहर्ट्झपर्यंत चालणारा तीन तोंडांचा स्प्लिटर बसवला. उगाच आठ तोंडांचा घेऊ नये. दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये साडेतीन डेसिबलच्या आसपास घट होते, आठ तोंडांच्यात ती अकरापर्यंत जाते. ज्या घरात केबल टीव्हीची लाइन अजून जिवंत असेल, त्यांनी ती घरात शिरते तिथे मोकाचा फिल्टर जरूर लावावा, नाहीतर आपले जाळे तारेवाटे शेजाऱ्यांच्या घरापर्यंत पोहोचते. आमची लाइन मेलेलीच होती. मी ती कापून टाकली.

माझी चूक झाली ती छत्रीच्या बाबतीत. छत्रीची केबल माजघरातल्या टीव्हीकडे जाताना ओटीकडच्या त्याच जुन्या केबलमधून नेलेली होती, आणि मला वाटले की केबल टीव्हीप्रमाणे दोन्ही गोष्टी एका तारेतून सुखाने जातील. केबल टीव्हीचे वाहिन्यांचे पट्टे साधारण ८६२ मेगाहर्ट्झपर्यंतच असतात, त्यामुळे मोका आणि केबल टीव्ही एकत्र नांदतात. छत्रीचे तसे नाही. छत्रीवरचा एलएनबी हा सिग्नल पकडणारा भाग उपग्रहाचा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये उतरवून खाली पाठवतो, म्हणजे मोकाचा संपूर्ण पट्टा त्याच्या पोटात येतो. शिवाय एलएनबीला चालवण्यासाठी सेट टॉप बॉक्स त्याच केबलमधून १३ किंवा १८ व्होल्टचा दाब वर पाठवत असतो, आणि तो अडॅप्टरमध्ये शिरला तर अडॅप्टर जळू शकतो. आमच्याकडे आईची संध्याकाळची मालिका चौकोन-चौकोन होऊन फुटली एवढ्यावरच भागले. दुसऱ्या दिवशी मी छत्रीसाठी वळचणीखालून स्वतंत्र केबल ओढली आणि दोन्ही जाळ्यांचा कुठेही स्पर्श राहू दिला नाही. आपल्याकडे घरोघरी छत्र्या आहेत, म्हणून हे सगळ्यात आधी तपासायला हवे. मी ते सगळ्यात शेवटी तपासले आणि त्याचे मला वाईट वाटते.

एवढे केल्यावर माडीवर ओटीइतकाच वेग मिळू लागला. दोन लॅपटॉप दोन टोकांना जोडून घरातल्या घरात मोजले तेव्हा ९४० एमबीपीएस दिसले, आणि ही मर्यादाही लॅपटॉपच्या गिगाबिट पोर्टची होती. अडॅप्टरच्या सेटिंग्जच्या पानावर दोन टोकांमधला कच्चा दर दिसतो. तो ३४०० एमबीपीएसच्या आसपास होता. प्रत्यक्ष वापराचा वेग याहून कमीच असतो, परंतु केबलची तब्येत पाहायला हा आकडा फार उपयोगी आहे. मी तो महिन्यातून एकदा वहीत लिहून ठेवतो. पहिल्या पावसाळ्यानंतर मागच्या खोलीचा आकडा २१०० वर आला, तेव्हा इंटरनेटच्या वेगात काहीच फरक पडला नव्हता. पण पडवीतला कनेक्टर उघडला तर आत दमट हिरवी रेघ दिसली. पाऊस अडवायची माडाच्या झावळ्यांची झापे बांधायला थोडा उशीर झाला होता आणि पावसाची झड थेट त्या कोपऱ्यावर बसली होती. आता त्या टोकाला आट्यांवर सिलिकॉन ग्रीस, वरून स्वतःलाच चिकटणारी रबरी पट्टी, आणि पाणी केबलवरून ओघळत कनेक्टरकडे न येता मध्येच गळून पडावे म्हणून खालून एक वळसा, एवढे केले आहे. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामांत कौले चाळणे, लाकडे भरणे यांच्याबरोबर हेही एक काम माझ्या यादीत आले आहे.

विजेचे दोन मुद्दे. अडॅप्टरला दोन्ही टोकांना वीज लागते, म्हणून राऊटर इन्व्हर्टरवर असला तरी माडीवरचा अडॅप्टर तसा नसेल तर दिवे जाताच जाळे तुटते. तो काही वॅटच घेतो, त्यामुळे इन्व्हर्टरवर टाकायला हरकत नसावी. आणि मे महिन्यात किंवा परतीच्या पावसात गडगडू लागले की प्लगबरोबर अडॅप्टरची कोॲक्स केबलही काढून ठेवावी, कारण आकाशातून येणारी वीज तांब्याच्या कोणत्याही वाटेने घरात शिरू शकते.

याच कारणासाठी वाडीच्या टोकाशी असलेल्या नव्या खोलीला मी ही जुनी केबल दिलेली नाही. पोफळींतून चाळीस मीटर उघड्यावर गेलेली एक केबल तिथपर्यंत आयती पोहोचते, आणि कनेक्टर बदलले तर ती चालेलही. पण दोन वेगळ्या इमारतींमध्ये उघड्यावरून धातूची तार जोडणे मला पटत नाही. तिथे फायबर टाकायची, पाइप जमिनीखालून न्यायचा, आणि ते काम पाऊस ओसरल्यावर, विहिरीच्या पंपाची वायर बदलायला चर खणू तेव्हाच करून घ्यायचे, असे आईचे आणि माझे ठरले आहे.