व्होस्तोकचे मासिक तापमान वाचताना

अंटार्क्टिकावरचे व्होस्तोक केंद्र डिसेंबर १९५७ मध्ये सुरू झाले. उंची सुमारे ३४८८ मीटर. २१ जुलै १९८३ चा उणे ८९.२ अंशांचा विक्रम सगळ्यांना पाठ असतो, पण खरी माहिती मासिक सरासरीत आहे. डिसेंबर-जानेवारीत ती उणे ३२च्या आसपास असते, मार्चमध्ये थेट उणे ५८च्या जवळ घसरते आणि एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ सपाट राहते. सूर्यच नसल्याने तिथे हिवाळ्याला ठळक तळ नाही. किती विलक्षण आलेख आहे हा!

सरासरी काढण्याआधी नोंद नसलेले दिवस मोजा. जागतिक हवामान संघटनेचा नियम असा: महिन्यात ११ किंवा जास्त दिवस, किंवा सलग ५ दिवस नोंद नसेल तर त्या महिन्याची सरासरी काढू नये. केंद्र १९६२च्या हिवाळ्यात बंद होते; ती जागा रिकामीच ठेवा, शेजारच्या वर्षांवरून भरू नका.

उपकरणांचेही भान हवे. पारा उणे ३८.८ अंशांना गोठतो, म्हणून अल्कोहोलचा किंवा प्लॅटिनम रोधाचा (तापमानानुसार बदलणारा विजेचा रोध मोजणारा) तापमापक लागतो. १०० ओहमच्या प्लॅटिनम सेन्सरमध्ये एका अंशाला साधारण ०.४ ओहम फरक पडतो. दोनच तारा जोडल्या तर तारेचा रोध मिसळून तापमान जास्त दिसते. ते टाळायला चार तारांची जोडणी करावी. स्वयंचलित केंद्रांवर उन्हाळ्यात वारा पडला, की तापमापकाभोवतीचे पंखा नसलेले कवच तापते आणि नोंद काही अंशांनी चढते. त्यामुळे वाऱ्याचा रकाना शेजारी ठेवूनच डिसेंबर तपासा.