संत्र्याच्या जागी जंबेरी

लोकमान्य नगरातल्या एका निवृत्त काकांचा फोन आला. "संत्री फार आंबट येतायत, कोणतं खत घालायचं ते येऊन सांगून जा." इंदूरला माझी छोटी नर्सरी आहे, असे फोन नेहमीचेच. बहुतेकांना उत्तर एकच द्यावं लागतं, पाणी कमी करा. माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते आणि लोक लिंबूवर्गाची झाडं लाडालाडानं बुडवून मारतात.

झाड पाहिलं आणि खताचा विषय तिथंच संपला. चांगलं दणकट, हिरवंगार, हातभर आत गेलो तर ओरबाडून काढेल असं काटेरी. फळ पिवळट, साल खडबडीत. कळ्यांवर जांभळी झाक. नागपुरी संत्र्याची कळी पांढरीशुभ्र असते. पान चुरगाळून काकांच्या नाकाशी धरलं. "लिंबासारखा वास येतोय की रे!" काका म्हणाले. शेजारच्या लिंबाचे पराग लागून संत्री बिघडली, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. परागानं फार तर बी बदलेल, फोडीची चव बदलत नाही. पण असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना इंदुरात तोटा नाही.

मी गुडघ्यावर बसून बुंध्याची माती उकरली. नर्सरीत जंबेरीच्या, म्हणजे खडबडीत सालीच्या एका आंबट लिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात, म्हणजे संत्र्याच्या काडीवरचा फुटीचा कोंब सालीसकट काढून खुंटाच्या सालीत बसवतात. खालची मुळं जंबेरीची, वरचं झाड संत्र्याचं. हा जोड जमिनीपासून चांगला वीतभर वर हवा. इथं तो चार बोटांवरच ठेवलेला, आणि वर माती चढून तोही झाकला गेलेला. जोडाच्या वर अंगठ्याएवढं वाळकं थोटूक. ते खरवडलं तर सालीत रुतलेली प्लॅस्टिकची पट्टी निघाली. डोळा भरताना आपण ही पट्टी बांधतो. डोळा जगला की ती सोडायची असते. न सोडता रोप विकलं की वाढत्या खोडाला तिचा फास बसतो. ज्यांनी हे रोप विकलं त्यांनी दोन मिनिटांचं काम केलं नव्हतं. धंद्यात घाई किती वाढलीय ते अशा पट्ट्यांवरून कळतं.

पट्टीनं गळा आवळला, संत्र मेलं आणि खालून जंबेरीची फूट जोरात आली. ही फूट पहिली काही वर्षं दिसली की खुडायची असते. माळ्यानं ती जपली. त्याचं तरी काय चुकलं? त्याला हिरवं दिसलं.

"मग तोडायचं?" काकांनी विचारलं. मी नको म्हटलं. एवढं मुरलेलं मूळ फुकट का घालवा? फांद्या छाटायच्या, नवी फूट पेन्सिलएवढी झाली आणि साल सुटायला लागली की टी आकाराची चीर देऊन डोळे भरायचे. डोळकाडी, म्हणजे जिच्यावरचे डोळे काढायचे ती काडी, मात्र दिसेल त्या झाडाची नाही घ्यायची, कारण ग्रीनिंगसारखे झाड खंगवणारे रोग काडीबरोबरच येतात. डोळा काढताना पान कापतो, देठ ठेवतो. दोन-तीन आठवड्यांनी बोट लावताच देठ गळून पडला तर डोळा जगला. सुकून चिकटून राहिला तर गेला. मला अजूनही त्या बोट लावण्याच्या क्षणी श्वास रोखावासा वाटतो. काकूंनी आतूनच सांगितलं, एक फांदी जंबेरीची राहू द्या, लोणचं छान होतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. निघताना काका हळूच म्हणाले, "या फळांच्या बियांची रोपं करून मी गल्लीत वाटलीत. नागपुरी संत्री म्हणून. कुणाला सांगू नकोस."

मला हसू आलं, पण आतून हेवाही वाटला. जंबेरीच्या एका बीतून दोन-तीन रोपं उगवतात आणि त्यातली बहुतेक आईच्याच पेशींतून आलेली, हुबेहूब तिच्यासारखी असतात. म्हणूनच तर खुंटाला ती वापरतात. काकांनी नकळत गल्लीभर एकसारखे खुंट उभे केलेत. चांगल्या बियांसाठी मला मात्र दारोदार फिरावं लागतं. बी ताजंच लावावं लागतं, वाळलं की उगवण जाते. काकांनी तेही बरोबर केलं होतं.

सांगायचं की नाही, याचा निकाल माझ्याकडून अजून लागलेला नाही. लोक पाणी घालतायत, वाट बघतायत. बीच्या झाडाला फळ धरायला आधीच उशीर, आणि धरलं की तोंड वाकडं.

परवा त्याच गल्लीतल्या एका काकूंचा फोन आला. "काकांनी दिलेलं संत्र माझ्या खांद्याला लागलं बघ! काटे केवढे! फळ कधी धरेल?"

मी म्हटलं, "काकू, पाऊस होऊ द्या. मी येऊन त्याला नागपुरी संत्र्याचा डोळा भरून देतो."

"अरे, पण ते संत्रच आहे ना? मग त्याला पुन्हा संत्र्याचा डोळा कशाला?"

भेटल्यावर सांगतो म्हणालो. त्याचे पैसे घ्यायचे की नाही, तेही ठरवायचंय.